पोस्टकार्ड, लिफाफा आणि ई-मेल : आपले पत्र उघडण्याचा अधिकार कोणाचा?

१.
कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहा, दुसऱ्या तीरावर अष्टमी. गावे दोन, नगरपरिषद मात्र एकच, रोहा-अष्टमी. कोकणातील असंख्य गावांप्रमाणे या जोडगावांनाही मुंबईशी बांधून ठेवले ते डाकेने. चाकरमान्याची मनीऑर्डर गावी यायची आणि गावाची खुशाली पत्राने मुंबईला जायची. १ जुलै १८७९ रोजी भारतात पोस्टकार्ड सुरू झाले. किंमत पाव आणा. बंद पत्राला अर्धा आणा पडे. म्हणजे मजकूर झाकण्यासाठी दुप्पट दाम मोजावे लागत.

२.
या धाग्याचा विषय त्या झाकलेल्या मजकुराचा आहे. अष्टमीहून निघालेला बंद लिफाफा वाटेत उघडण्याचा कायदेशीर अधिकार कोणाला होता? आणि आज त्याच गावातील मोबाइलवरून निघालेला ई-मेल वाचण्याचा अधिकार कोणाला आहे? दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकच असतील, असे कोणालाही वाटेल. ती एक नाहीत. काही बाबतींत तर पाव आण्याच्या उघड्या पोस्टकार्डाला कायद्याने दिलेले संरक्षण आजच्या ई-मेलपेक्षा भक्कम आहे. असे का झाले, त्याचा हा इतिहास.

३.
आरंभ थोडा मागून करू. शिवकालीन व पेशवेकालीन पत्रांच्या अखेरीस मोर्तब उमटवीत. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावरील शब्द 'मर्यादेयं विराजते' असे आहेत. लेखनाची मर्यादा येथे संपली, यापुढे कोणी अक्षर जोडल्यास ते खोटे, हा त्याचा अर्थ. पत्रात कोणी फेरफार करू नये, ही काळजी अशी जुनीच आहे. परंतु पत्र दुसऱ्याने वाचूच नये, हा सामान्य प्रजाजनाचा हक्क असतो, ही कल्पना त्याहून वेगळी. ती आधुनिक टपालाबरोबर आली. कारण आता राजाच्या जासुदाऐवजी सरकारी खाते लोकांची खाजगी पत्रे वाहू लागले होते.

४.
सरकारच पत्र वाहते, तेव्हा सरकारच ते उघडूही शकते. १८४४ साली हे इंग्लंडमध्ये चव्हाट्यावर आले. लंडनमध्ये आश्रयास असलेल्या जोसेफ मॅझिनी या इटालियन क्रांतिकारकाला आपली पत्रे कोणी उघडत असल्याचा संशय आला. त्याने पाकिटांत खसखशीचे दाणे, केस, वाळूचे कण ठेवून पाहिले. पत्र पोहोचेपर्यंत ते नाहीसे होत. प्रकरण पार्लमेंटात गेले. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांच्या आदेशाने पत्रे उघडली जात होती, हे उघड झाले. मोठा गदारोळ माजला आणि टपाल खात्यातील गुप्त शाखा बंद करावी लागली.

५.
हाच मॅझिनी पुढे मराठी तरुणांचा आदर्श झाला. विनायक दामोदर सावरकरांनी लंडनमध्ये त्याच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर केले आणि ते १९०७ साली प्रसिद्ध झाले. ज्याच्या पत्रांसाठी ब्रिटिश पार्लमेंट हादरले होते, त्याचे चरित्र वाचणाऱ्या मराठी वाचकांची स्वतःची पत्रे मात्र त्याच साम्राज्याच्या निराळ्या कायद्याखाली होती. इंग्लंडात जे लपवून करावे लागे, त्याची तरतूद भारतात कायद्याच्या कलमांतच होती.

६.
ही कलमे दोन. पहिले, भारतीय तार अधिनियम, १८८५ याचे कलम ५. दुसरे, भारतीय टपाल कार्यालय अधिनियम, १८९८ याचे कलम २६. दोन्हींची किल्ली एकाच शब्दप्रयोगात होती : 'सार्वजनिक आणीबाणी' उद्भवल्यास किंवा 'सार्वजनिक सुरक्षितते'साठी सरकारला तार अडवता येईल, पत्र उघडता येईल. टपालाच्या कलमात 'शांतता' हाही शब्द होता. डाक कर्मचाऱ्याने स्वतःहून पत्र उघडणे हा मात्र शिक्षापात्र गुन्हा होता. थोडक्यात, पोस्टमनच्या कुतूहलापासून संरक्षण होते. सरकारच्या कुतूहलापासून ते या दोन शब्दांपुरतेच होते.

७.
१८९८ हे वर्षही ध्यानात घ्यावे. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. सप्टेंबरमध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहासाठी दीड वर्षाची शिक्षा झाली. १८९८ च्या प्रारंभी राजद्रोहाचे कलम १२४-अ अधिक व्यापक करण्यात आले आणि त्याच सुमारास हा टपाल कायदाही मंजूर झाला. महाराष्ट्रातील अस्वस्थतेने सरकार धास्तावलेले असतानाचा हा काळ होता.

८.
खाजगी टिपणाचा अर्थ सरकार कसा लावू शकते, हे १९०८ साली दिसले. २४ जून रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. त्यांच्या पुण्यातील घराच्या झडतीत एक पोस्टकार्ड सापडले. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे होती. नुकत्याच झालेल्या स्फोटक पदार्थांच्या कायद्यावर लिहिण्यासाठी ती टिपून ठेवली होती, असे टिळकांचे म्हणणे. सरकारी पक्षाने मात्र लेखांमागील हेतू दाखवण्यासाठी हेच कार्ड पुढे केले. २२ जुलै रोजी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हे कार्ड टपालात अडवलेले नव्हते, झडतीत मिळालेले होते. तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : पत्रातील चार शब्द संदर्भापासून तोडले की त्यांचा अर्थ वाचणारा ठरवतो, लिहिणारा नव्हे.

९.
स्वातंत्र्यानंतर राज्यघटना आली. पण ही दोन्ही कलमे टिकली. १९७० च्या दशकाच्या आरंभी तार कायद्याच्या कलमात सुधारणा झाली. सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि अपराधास चिथावणी रोखणे अशी कारणांची यादी जोडली गेली व कारणे लेखी नोंदवण्याची अट आली. 'सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता' हा उंबरठा मात्र कायम राहिला. आधी तो ओलांडायचा, मग यादीतील कारण दाखवायचे, अशी ही दुहेरी कडी होती. पुढील सारा वाद या उंबरठ्याभोवती फिरतो.

१०.
१९७२ साली मुंबईच्या कॉरोनरवरील लाचखोरीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. एका डॉक्टरच्या संमतीने, त्याच्याच दूरध्वनीवर झालेले संभाषण पोलिसांनी ध्वनिमुद्रित केले होते. न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. निरपराध नागरिकाच्या दूरध्वनीवरील संभाषणाला न्यायालये संरक्षण देतील. परंतु ते संरक्षण अपराध्यासाठी नाही, असा निकालाचा सूर होता. पुरावा बेकायदा मार्गाने मिळाला एवढ्याने तो बाद होत नाही, हे तत्त्वही त्यातून पुढे अनेक खटल्यांत वापरले गेले. यात एक अडचण होती. अपराधी कोण, हे ऐकल्यानंतर कळते. संरक्षण हवे असते ते ऐकण्यापूर्वी.

११.
टपालाबाबत १९८६ साली एक विलक्षण घटना घडली. कलम २६ चे अधिकार नव्याने मांडणारे टपाल दुरुस्ती विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांनी संमत केले. त्यावर लोकांत व वृत्तपत्रांत मोठी टीका झाली. राष्ट्रपती झैलसिंग यांनी विधेयकाला संमती दिली नाही, नाकारलीही नाही. ते नुसते ठेवून दिले. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत 'पॉकेट व्हेटो'चे उदाहरण म्हणून दिला जाणारा प्रसंग तो हाच. नागरिकांच्या पत्रांच्या प्रश्नावर राष्ट्रपतींचे मौन इतिहासात नोंदले गेले.

१२.
न्यायालयाने ठोस मर्यादा घातल्या त्या १८ डिसेंबर १९९६ रोजी. राजकीय नेत्यांचे दूरध्वनी ऐकले जात असल्याच्या आरोपांनंतर 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. न्या. कुलदीप सिंग व न्या. सगीर अहमद यांच्या पीठाने म्हटले की दूरध्वनीवरील संभाषण हा खाजगी जीवनाचा भाग आहे. 'सार्वजनिक आणीबाणी' आणि 'सार्वजनिक सुरक्षितता' या गुप्त अवस्था नव्हेत. त्या असतील तर कोणाही समंजस माणसाला दिसतील. आदेश गृहसचिवाने द्यावा, तो दोन महिने टिकावा, कोणत्याही परिस्थितीत सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि उच्च अधिकाऱ्यांच्या समितीने त्याचा फेरविचार करावा, असे नियम घालून दिले. मात्र न्यायाधीशाची पूर्वपरवानगी आवश्यक ठरवली नाही. आदेश देणारे शासन आणि तपासणारेही शासनच.

१३.
निकाल आला त्याच्या सुमारे सव्वा वर्ष आधी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने मुंबईसह मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले होते. पत्राने रूप बदलले. टपालातील पत्र पोहोचले की डाकखात्याकडे काही उरत नाही. ई-मेलचे तसे नाही. तो सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकावर उतरतो आणि वाचून झाल्यावरही वर्षानुवर्षे तेथेच राहतो. म्हणून दोन वेगळे प्रश्न निर्माण होतात. वाटेवरचा ई-मेल कोण अडवू शकतो? आणि साठून राहिलेला ई-मेल कोण मागू शकतो?

१४.
पहिल्या प्रश्नाचे उत्तर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ६९ मध्ये आहे. त्याचे आजचे रूप २००८ च्या दुरुस्तीतले. ते वर्ष महाराष्ट्राला विसरता येत नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल गेला. त्याचा माग नवी मुंबईतील एका घराच्या उघड्या वायफायपर्यंत लागला. त्या घरातील रहिवाशाचा कटाशी काही संबंध नव्हता. दुसऱ्याच कोणी त्याचे जाळे वापरले होते. मग नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला. हल्लेखोर आणि सीमेपलीकडचे त्यांचे सूत्रधार यांची संभाषणे पोलिसांनी हल्ला चालू असतानाच ऐकली व मुद्रित केली. पुढे खटल्यात तीच संभाषणे कटाचा ठोस पुरावा ठरली.

१५.
म्हणून संदेश अडवण्याचा अधिकारच नको, असे म्हणणे सोपे असले तरी टिकणारे नाही. त्या रात्री 'सार्वजनिक सुरक्षितता' धोक्यात होती, हे साऱ्या जगाला दिसत होते. जुन्या कायद्याचा उंबरठा अशाच प्रसंगासाठी होता. परंतु हल्ल्यानंतर महिन्याभरात, डिसेंबर २००८ मध्ये, संसदेने जवळजवळ चर्चेविना संमत केलेल्या दुरुस्तीत तो उंबरठाच दिसत नाही. कलम ६९ मध्ये कारणांची यादी आहे, लेखी कारणांची अट आहे. आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेची पूर्वअट नाही. उलट यादीच्या शेवटी तीन नवे शब्द आहेत : 'कोणत्याही अपराधाच्या तपासासाठी'. मदत नाकारणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

१६.
परिणाम असा : एकाच माणसाने तीच गोष्ट दूरध्वनीवर सांगितली तर ती ऐकण्यासाठी सरकारला अधिक चढ चढावा लागतो, ई-मेलने लिहिली तर कमी. २००९ च्या नियमांनी गृहसचिवाचा आदेश, ६० दिवसांची मुदत, १८० दिवसांची कमाल मर्यादा व समितीचा फेरविचार ही चौकट ई-मेललाही लावली. ती मोलाची आहे. पण नियम कार्यपद्धती सांगतात. मूळ अधिकाराची रुंदी कलम ठरवते. २० डिसेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने या कलमाखाली दहा संस्थांची नावे अधिसूचित केली, तेव्हा अनेकांचे लक्ष त्याकडे प्रथमच गेले.

१७.
आता दुसरा प्रश्न, साठवलेल्या ई-मेलचा. येथे पोस्टकार्ड ई-मेलच्या पुढे जाते. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ याच्या कलम ९१ नुसार पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेशाने कोणाकडूनही दस्तऐवज मागवू शकत असे. मात्र त्याच कलमाने टपाल खात्याच्या ताब्यातील पत्र, पोस्टकार्ड व तार यांना वगळले होते. त्यांच्यासाठी कलम ९२ होते : आदेश जिल्हादंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांचाच हवा. पोलीस आयुक्त किंवा जिल्हा पोलीस अधीक्षकदेखील फार तर टपाल रोखून ठेवायला सांगू शकत. ताब्यात घ्यायचे तर वरचा आदेश लागे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही विभागणी कलम ९४ व ९५ मध्ये तशीच आहे. भर एवढीच की कलम ९४ मध्ये आता 'इलेक्ट्रॉनिक संदेश' हे शब्द उघडपणे आले आहेत, म्हणजे ठाणे अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाच्या कक्षेत.

१८.
हा पेच केवळ भारताचा नाही. अमेरिकेच्या १९८६ च्या इलेक्ट्रॉनिक संदेश गोपनीयता कायद्याने १८० दिवसांहून जुन्या ई-मेलला कमी संरक्षण दिले. त्या काळी साठवणीची जागा इतकी महाग होती की सहा महिने पडून राहिलेला संदेश मालकाने सोडून दिला असे गृहीत धरले गेले. पुढे जागा स्वस्त झाली, लोकांची सारी आयुष्ये टपालपेट्यांत साठली. कायदा तेथेच राहिला. २०१० साली तेथील एका अपील न्यायालयाने सांगितले की ई-मेल हे पत्रासारखेच आहे आणि त्याचा मजकूर मागण्यास न्यायाधीशाचे वॉरंट हवे. भारतात हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे अद्याप सुटलेला नाही.

१९.
तरीही काही हाती लागले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे जाहीर केले. पीठात न्या. धनंजय चंद्रचूड होते, नागपूरचे न्या. शरद बोबडे होते. याच निकालात न्या. चंद्रचूड यांनी १९७६ च्या आणीबाणीतील बहुमताचा निर्णय चुकीचा ठरवला. त्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. खाजगीपणात हस्तक्षेप करायचा तर कायदा हवा, उद्दिष्ट वैध हवे आणि उपाय प्रमाणात हवा, ही कसोटी येथून लागू झाली.

२०.
ती कसोटी मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी प्रत्यक्ष वापरली. बँकेच्या अधिकाऱ्याला दहा लाखांची लाच दिल्याचा आरोप असलेल्या एका व्यावसायिकाचे दूरध्वनी २००९-१० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या तीन आदेशांनी ऐकले गेले होते. न्या. रणजित मोरे व न्या. एन. जे. जामदार यांनी विचारले : यात सार्वजनिक आणीबाणी कोठे होती? सार्वजनिक सुरक्षितता कशी धोक्यात आली होती? उत्तर मिळाले नाही. तिन्ही आदेश रद्द झाले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्याचा हुकूम झाला. १८८५ साली राणीच्या सरकारने स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेल्या शब्दांनी १३४ वर्षांनी एका नागरिकाला वाचवले.

२१.
सगळी न्यायालये याच वाटेने गेली असे नाही. २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयाने अशाच प्रकरणात मुंबईसारखीच भूमिका घेतली. दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र मोठा भ्रष्टाचार हाही सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न होऊ शकतो असे मानले. दोन शब्दांच्या अर्थावर आजही वाद होऊ शकतो, याचे कारण ते शब्द कायद्यात आहेत. कलम ६९ खालच्या ई-मेलबाबत हा वाद करायला ते शब्दच नाहीत.

२२.
दरम्यान जुने कायदेही गेले. दूरसंचार अधिनियम, २०२३ याने तार कायद्याची जागा घेतली. कलम २० मध्ये तो जुना उंबरठा शिल्लक आहे. टपालाचे उलटे झाले. टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ याच्या कलम ९ नुसार आता 'आणीबाणी' आणि 'सार्वजनिक सुरक्षितता' ही अनेक कारणांपैकी केवळ दोन कारणे उरली; कोणत्याही कायद्याचे उल्लंघन झाले तरी अधिकृत अधिकारी पाकीट अडवून उघडू शकतो. १९८६ चे विधेयक ठेवून देणारे राष्ट्रपती होते. २०२३ चे विधेयक फारशा गाजावाजाशिवाय कायदा झाले.

२३.
आता पुन्हा अष्टमीला येऊ. तेथून दोन संदेश निघाले अशी कल्पना करा : एक पोस्टकार्ड, एक ई-मेल. मजकूर तोच. तपासासाठी दोन्ही हवे आहेत. टपालाच्या थैलीतील पोस्टकार्ड ताब्यात घ्यायला फौजदारी संहितेनुसार दंडाधिकाऱ्याची किंवा न्यायालयाची सही लागेल. कंपनीच्या संगणकावरील ई-मेलसाठी ठाणे अधिकाऱ्याची सही पुरेशी मानली जाऊ शकते. पोस्टकार्ड कोणीही वाचू शकेल असे उघडे. तरी त्याच्याभोवती कायद्याचा लिफाफा जाड. ई-मेलला पासवर्ड आहे. त्याच्याभोवतीचा कायद्याचा लिफाफा पातळ.

२४.
कोकणातल्या अनेक घरांत पोस्टमनच पत्र वाचून दाखवी. आजी त्याला वाचायला सांगे म्हणून तो वाचे. एरवी पत्र तिचे होते. खाजगीपणाचा सारा कायदा या साध्या गोष्टीवर उभा आहे. पत्र वाहणाऱ्याला ते वाचण्याचा हक्क मिळत नाही. पोस्टमनबाबत हे १८९८ च्या कायद्यालाही मान्य होते. वाहणारा आता संगणक असतो, आणि मागणाऱ्याला कोणाची सही लागावी हे अद्याप ठरायचे आहे. १८८५ च्या दोन शब्दांना अर्थ यायला शतकाहून अधिक काळ लागला, तो कोणीतरी न्यायालयात जाऊन विचारले म्हणून आला. ई-मेलसाठी तो प्रश्न कोणीतरी विचारायचा आहे.